कॅप्टन जेवतो कधी?

परभणीत हल्ली एका नव्या हॉटेलात दर शनिवारी संध्याकाळी गाणं असतं. लोक मित्रमैत्रिणी घेऊन येतात, जेवतात, ऐकतात, फर्माईश करतात. त्या हॉटेलच्या मालकांनी वेटर तयार करण्यासाठी मला बोलावलं, कारण माझी उमेदीची सगळी वर्षं हैदराबादेत अशाच एका हॉटेलात कॅप्टन म्हणून गेली. पिंगळीकडून, सेलूकडून आलेले तरुण माझ्यासमोर उभे राहतात तेव्हा त्यांना वाटतं, आता हा ट्रे धरायला शिकवणार. मी त्यांना पहिल्या दिवशी एकच गोष्ट सांगतो. संध्याकाळी दार उघडण्याआधी आपण सगळ्यांनी बसून पोटभर जेवायचं.

मागच्या महिन्यात एकाने विचारलंच. "सर, गिऱ्हाइकाच्या आधी आपुन जेवायचं? कामून?"

त्याला मी "नियम आहे," एवढंच म्हणालो. खरं उत्तर दोन वाक्यांत मावणारं नव्हतं. ते इथे लिहितो.

मी वालूरचा. आमच्या आजोबांच्या पिढीला शहर म्हटलं की हैदराबादच डोळ्यांपुढे यायचं, पुणे-मुंबई नंतरची. त्यामुळे मी तिकडे गेलो तेव्हा घरी कुणाला परदेशी गेल्यासारखं वाटलं नाही. भाषेचीही अडचण आली नाही. 'हौ' आणि 'नक्को' आमच्या घरातही होतेच. आधी भांडी, मग टेबलं पुसणं, मग वाढणं, आणि बऱ्याच वर्षांनी जाकीट मिळालं. कॅप्टन झालो. ही बातमी गावात पोचली तेव्हा निम्म्या गावाला वाटलं मी पलटणीत लागलो. सासरे तर एका लग्नात चारचौघांत म्हणाले, "आमचे जावाई कॅप्टन हायत." समोरच्याने आदराने विचारलं, "बॉर्डरवर?" मी नुसता हसलो. सासरे आता नाहीत. ती दुरुस्ती करायची राहिली ती राहिलीच. अशा राहिलेल्या गोष्टी माझ्या मनात फार दिवस बसून असतात, त्याला इलाज नाही.

हॉटेलातला कॅप्टन म्हणजे काय, ते सांगतो. वेटर वाढतो, आचारी शिजवतो, मालक गल्ल्यावर बसतो. कॅप्टन या तिघांच्या मधे उभा असतो. ऑर्डर घेतो, कोणतं टेबल कुणाला द्यायचं ते ठरवतो, आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे बघतो. कुणाचं पाणी संपलं, कुणाची पोळी गार झाली, कुणाला अजून भूक आहे पण मागायला संकोच वाटतोय. हे सगळं हाक मारायच्या आत कळलं पाहिजे. स्वयंपाकघर आणि हॉल यांच्यामधे एक मोठी खिडकी असते, तिला आम्ही पास म्हणतो. प्रत्येक पदार्थ त्या खिडकीतूनच बाहेर येतो. मी तिथे दिव्याखाली उभा राहायचो आणि तिथून सगळी टेबलं दिसायची. माणसाच्या पाठीवरून त्याची भूक ओळखता येते, यावर लोकांचा विश्वास बसत नाही. पण मी ओळखायचो. हे मी अभिमानाने लिहितो, कारण मला दुसरं फारसं काही येत नाही.

मित्रांचं टेबल ओळखणं ही तर वेगळीच विद्या. पाच-सहा मित्र आले की मेन्यूकार्ड हातोहात फिरतं आणि शेवटी एकाच्या हातात थांबतं. तो त्या टोळीचा खरा म्होरक्या. बडबड करणारा वेगळाच असतो. "मला काहीही चालेल," असं जो म्हणतो त्याच्यावर नजर ठेवायची, कारण पदार्थ परत पाठवतो तो हाच. आणि सगळ्यांच्या आधी ज्याचं जेवून होतं त्याच्याकडे बोलायला काहीतरी असतं. तो मित्रांची तोंडं रिकामी होण्याची वाट बघत असतो. त्या वेळी वेटरने मधे जाऊ नये.

आमच्याकडे शनिवारी गझल असायची. गायच्या नसीमआपा. पन्नाशीच्या, अंगाने किरकोळ, पण पेटीवर बोटं ठेवली की मागच्या टेबलावरच्या गप्पा आपोआप खाली यायच्या. बाहेरच्या माणसाला वाटतं, गाणं आणि जेवण एकत्र ठेवलं की झाली मैफल. तसं नसतं. या दोन गोष्टी एकमेकींच्या वैरी आहेत. गाण्याला शांतता हवी आणि जेवण आवाज केल्याशिवाय राहत नाही. ताट वाजतं, चमचा पडतो, बर्फ फोडायचं यंत्र घरघरतं. तो तंटा मिटवायचं काम माझ्याकडे. मी काही नियम बसवले होते. बोलणाऱ्यांना दाराकडचं टेबल, ऐकणाऱ्यांना मंचाजवळचं. पहिली ओळ सुरू झाली की हॉलमधलं एकही ताट हलवायचं नाही, वेटर जिथे असेल तिथे उभा राहील. आणि सिझलर, म्हणजे तो तापलेल्या तव्यावर चरचरत, धूर काढत येणारा पदार्थ, गाणं संपेपर्यंत पासच्या आतच थांबेल. आमचा आचारी यादय्या यावर फार चिडायचा. "साब, ठंडा हो जाता!" मी म्हणायचो, "गरम कर पुन्हा. गाणं पुन्हा गरम होत नाही."

दर शनिवारी चार म्हातारे दोस्त यायचे. शाळेपासूनची दोस्ती. त्यांतल्या एकाला मुळीच ऐकू येत नव्हतं, आणि तोच मंचासमोरची खुर्ची धरायचा. अगदी ताल धरून मान डोलवायचा. एकदा न राहवून मी त्यांना लिहून विचारलं, चाचा, आपको क्या मज़ा आता है? ते मोठ्याने म्हणाले, कारण आपला आवाज केवढा आहे तेही त्यांना कळत नसे, "मैं इन तीनों के मुँह देखने आता हूँ मियाँ! गाना सुनते सो वक्त ये लोगां अच्छे दिखते!" सगळा हॉल हसला. पण त्यानंतर मीसुद्धा गाणं सुरू झालं की चेहरे बघायला लागलो. ते खरंच वेगळे दिसतात.

आता त्या नियमाकडे येतो, ज्याचा मला सगळ्यात जास्त अभिमान होता. एका शनिवारी नसीमआपांनी अगदी हळू, श्वासासारखी एक ओळ घेतली आणि त्याच क्षणी एका वेटरच्या खिशातला मोबाइल वाजला. रिंग म्हणून त्याने तान्ह्या बाळाचं रडणं लावलेलं. आपा थांबल्या. माइकवर म्हणाल्या, "उठा लो मियाँ, बच्चा रो रा." लोक पोट धरून हसले. आपाही हसल्या. पण मग त्यांनी गाणं सुरुवातीपासून पुन्हा घेतलं. ती ओळ त्या दिवशी त्यांना पुन्हा तशी लागली नाही.

दुसऱ्या शनिवारपासून मी नियम केला. दर शनिवारी संध्याकाळी दार उघडण्याआधी सगळ्यांचे मोबाइल एका कपाटात, कपाटाला कुलूप, किल्ली माझ्या जाकिटाच्या खिशात. सगळ्यांत आधी माझा मोबाइल आत जाईल. आमचे मालक रऊफसेठ खूश झाले. शेजारच्या दोन हॉटेलांनी आमचं बघून तेच सुरू केलं. मला या नियमाचा अजूनही अभिमान आहे, पण त्याला आता एक कुसळ चिकटलेलं आहे.

माझी बायको मंदा वालूरलाच राहिली. शेत होतं, आईवडील होते, मुलींची शाळा होती. मी सणासुदीला येऊन-जाऊन. रोज सांजच्याला तिचा फोन यायचा आणि पहिला प्रश्न ठरलेला, "जेवलात का?" आमच्याकडे हा प्रश्न म्हणजे रामराम. कुणीही कुणालाही विचारतं, उत्तराकडे फारसं लक्ष नसतं. मीही ट्रे मोजता मोजता म्हणायचो, "हो, जेवलो." खरं तर कॅप्टन शेवटचं टेबल उठल्यावर जेवतो, आणि तेही जे उरलं असेल ते. पण हे तिला सांगितलं तर पुढे दहा प्रश्न येणार. म्हणून "हो, जेवलो." शनिवारी फोन कपाटात असतो हे तिला कळलं तेव्हा ती कुरकुरली नाही. म्हणाली, "असू द्या. तसाबी शनिवारी माझा उपास असतो." मला बरं वाटलं. मारुतीचा उपास धरला असेल, आपल्या घरासाठी कुणीतरी देवाचं करतंय, असं वाटून मी निर्धास्त झालो.

मग एक वर्ष असं आलं की मंदाच्या बचत गटाला हैदराबादच्या एका प्रदर्शनात जागा मिळाली. कुरडया, शेवया, ज्वारीचे पापड घेऊन तिघी जणी निघाल्या. फोनवर मंदाचा आवाज नेहमीपेक्षा वरच्या पट्टीत होता.

"आमी यायलोत. मी, गोदाकाकू अन् आम्रपाली. शनिवारी परदर्शन संपतंय. मग तुमच्या हाटेलात जेवायचं, गाणं ऐकायचं."

"या की. मी सेठशी बोलून ठेवतो, बिलाचं काही..."

"अजिबात बोलू नगा. गिऱ्हाइक म्हणून यायलोत आमी. आमच्या कमाईनं."

खरं सांगतो, आनंदाआधी मला धास्ती वाटली. गावात मी बसायचो आणि मंदा वाढायची. आता ती बसणार होती आणि मी हात मागे बांधून उभा राहणार होतो. रऊफसेठना सांगितलं तर त्यांनी गल्ल्यावरून उठून माझ्या खांद्यावर हात ठेवला. "घर के लोगां आरैं बोले तो पाँच नंबर देना मियाँ, सोचते कैकू?" पाच नंबर म्हणजे मंचाजवळचं टेबल. तिथून पासही समोर दिसायचा.

एक अडचण होती. शनिवार, म्हणजे मंदाचा उपास. पण ज्याने हजार लोकांच्या आवडीनिवडी सांभाळल्या त्याला बायकोचा उपास सांभाळता येऊ नये? मी बेगमबाजारातून वरी आणली, शेंगदाणे आणले, आणि दुपारी यादय्याच्या डोक्यावर उभा राहिलो.

"ये क्या है साब? चिड़िया का दाना?"

"भगर. आणि ही शेंगदाण्याची आमटी. कांदा नाही, लसूण नाही. पातेलं नवीन घे."

"मेन्यू में नई है."

"आज आहे."

त्याने कुरकुरत केली, पण केली फार सुरेख. माझं ते दिवसभरातलं सगळ्यात मोठं काम झालं असं मला वाटलं. मी स्वतःवर खूश होतो, हे लपवण्यात अर्थ नाही.

संध्याकाळी तिघी आल्या. दाराशी आल्या आणि आतला गालिचा बघून तिघींनीही चपला बाहेर काढल्या. दरवान गोंधळला. दोन तरुण गिऱ्हाइकं एकमेकांकडे बघून हसली. मी पुढे गेलो, त्या तीन जोड चपला उचलल्या आणि जिथे बड्या लोकांच्या छत्र्या आणि हेल्मेटं ठेवतो त्या फळीवर ओळीने लावल्या. मंदाने मला जाकिटात पहिल्यांदाच पाहिलं. वरपासून खालपर्यंत बघितलं आणि म्हणाली, "बरे दिसायलेत की." त्या शब्दांवर मी पुढची कितीतरी वर्षं काढली असती.

या दोघींची ओळख करून देतो. गोदाकाकू आमच्या शेजारच्या, सत्तरीच्या, नऊवारीतल्या, तोंडाने फटकळ. आम्रपालीताई गावातल्या अंगणवाडीत सेविका. बौद्धवाड्यातल्या मुलींना शिकवून नोकरीला लावणं हा त्यांचा ध्यास. त्यांची जीभ काकूंपेक्षाही धारदार. मी खुर्च्या मागे ओढून तिघींना बसवलं आणि बाजूला उभा राहिलो.

"आवो भाऊजी, तुमी उभेच? बसा की," आम्रपालीताई म्हणाल्या.

"ताई, ड्यूटी आहे."

"बरं हाय. वालुरात तुमी बसायचे अन् मंदा उभी ऱ्हायची. फिटंफाट."

"गप गं," मंदा म्हणाली, पण हसली.

मेन्यूकार्ड तिघींच्या हातांतून फिरलं आणि आम्रपालीताईंपाशी थांबलं. त्यांनी मटण बिर्याणी सांगितली. "हैद्राबादला येऊन पनीर खायाचं असतं तर परभणीत काय वाईट होतं?" गोदाकाकूंना माळ होती, त्यांनी वरण-भात आणि बगारा बैंगन सांगितलं. मंदा काही सांगणार तेवढ्यात मी मोठ्या ऐटीत म्हणालो, "तुझं मी ठरवलंय."

पदार्थ आले. दोघींच्या पुढे त्यांचं आलं आणि मंदापुढे मी स्वतः, माझ्या हाताने, झाकलेली वाटी आणि ताटली ठेवली. झाकण काढलं. पांढरी भगर, वर आमटी, कडेला काकडीची कोशिंबीर.

मंदा नुसती बघत राहिली. "हे काय?"

"भगर. तुझा उपास ना. शनिवार."

गोदाकाकूंनी आधी ताटलीकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुणाचा उपास? हिचा? आरं बाबा, मारुतीचा उपास लोक दिवस मावळला की सोडतेत. हिचा दिवस मावळल्यावर सुरू हुतो!"

"काकू, गप बसा की," मंदा म्हणाली. तिचा चेहरा उतरला होता.

"कामून गप बसायचं?" आम्रपालीताईंनी हातातला चमचा खाली ठेवला. "भाऊजी, तुमाला ठाव नसंल तर आयका. ही रोज सांच्याला फोन लावती, तुमी जेवलो म्हणले की मग ताटावर बसती. सासूबाई बोलून थकल्या, मी भांडून थकले. अन् शनिवारी तुमचा फोन कपाटात. मग हिचं ताट बी कपाटात. असला उपास हाय हिचा. देवाबिवाचा काही संबंध न्हाई."

मी तोंड उघडलं, आणि त्याच वेळी नसीमआपांनी पेटीवर सूर धरला. पहिली ओळ सुरू झाली.

माझाच नियम. पहिली ओळ सुरू झाली की जो जिथे आहे तो तिथेच उभा राहील, कुणी बोलणार नाही. मी पाच नंबरच्या टेबलाशी, हात मागे बांधून उभा राहिलो. असं मला आयुष्यात कधी उभं राहावं लागलं नव्हतं. समोर गार होत चाललेली भगर. आणि डोक्यात एकच वाक्य, "हो, जेवलो." रोज किती सहज म्हणायचो मी ते! ज्या क्षणी मी ते म्हणायचो त्या क्षणी तिकडे वालूरला ती पाट ओढायची. आणि मी खरोखर जेवायला बसायचो तेव्हा तिचं घासूनपुसून झालेलं असायचं. म्हणजे तिने माझ्यासाठी धरलेला नेम मी रोज मोडत होतो, आणि शनिवारी तर तिला जेवायलाच देत नव्हतो. हॉलभर लोकांच्या पाठीवरून भूक वाचणारा मी, वर्षानुवर्षं तिच्या प्रश्नाचा अर्थ वाचू शकलो नव्हतो. शनिवारचा उपास संध्याकाळी सोडतात, हे वालूरच्या पोरासोरांना ठाऊक असतं. एकदा विचारलं असतं तरी कळलं असतं.

गाणं संपलं. टाळ्या झाल्या. मी वाकून म्हणालो, "मंदा, आता जेव. मी आहे समोर."

"तुमी समोर हाव म्हणून आज सरळ इचारते," ती म्हणाली. "जेवलात का?"

खोटं बोलायची इतकी सवय असूनही त्या दिवशी जमलं नाही. "नाही," मी म्हणालो. "आणि आजच नाही. रोजच नसतो जेवलेला. शेवटचं टेबल उठल्यावर जेवतो."

तिने ताटली बोटभर पुढे सरकवली. तिचं बघून गोदाकाकूंनी भात कालवणारा हात आवरला, आणि आम्रपालीताईंनी बिर्याणीवर पुन्हा झाकण ठेवलं. आमच्याकडची पंगत अशीच. एकीचं अडलं की कुणी घास घेत नाही. "मी हे पाळत न्हाई काही," आम्रपालीताई माझ्यावर डोळे वटारून म्हणाल्या, "पण मैतरीण उपाशी असताना मला बी गिळत न्हाई."

मंचासमोरच्या टेबलावर तीन भरलेली ताटं आणि तीन बायका हात मांडीवर ठेवून बसलेल्या. कॅप्टनच्या दृष्टीने याहून वाईट देखावा नाही. शेजारच्या टेबलावरचे चारही म्हातारे दोस्त वळून बघत होते. नसीमआपांनी भुवया उंचावून मला विचारलं, काय झालं? रऊफसेठ गल्ल्यावरून उठले.

हॉलमध्ये कॅप्टनने घास घ्यायचा नाही, हा माझाच नव्हे, सगळ्या धंद्याचा नियम आहे. पण पासच्या खिडकीत कॅप्टनचा एक हक्क असतो. बाहेर जाणारा कुठलाही पदार्थ तो चमचाभर चाखू शकतो. मी मंदाला म्हणालो, "तिकडे बघ. त्या दिव्याखाली. तिथून मला काय दिसतं ते आज तू बघ."

मी पासवर गेलो, यादय्याकडे वाटी मागितली आणि उरलेली भगर त्यात घेतली. चाखायला म्हणून पहिला चमचा घेतला. मग दुसरा. मग लक्षात आलं की हे चाखणं नव्हे, मी जेवतोय. सगळे वेटर थांबून बघायला लागले.

"साब, खाना खारें?" यादय्याने घाबरून विचारलं. एवढ्या वर्षांत त्याने मला या वेळी खाताना पाहिलं नव्हतं.

"हौ," मी म्हणालो. मान वर करून बघितलं. मंदाने ताटली जवळ ओढली होती. तिने पहिला घास घेतला आणि तिच्याबरोबर दोघींनीही. काकूंनी तर वरण-भाताचा असा भुरका मारला की मला तिथवर ऐकू आला.

तेवढ्यात रऊफसेठ माझ्याशेजारी येऊन उभे. मला वाटलं, संपलं. त्यांनी पाच नंबरकडे बघितलं, माझ्या वाटीकडे बघितलं. "बैठ के खाओ मियाँ. खड़े खड़े कैकू?" त्यांनी आतलं एक स्टूल पायाने माझ्याकडे ढकललं. "हॉल मैं देखता."

मालक कॅप्टनच्या जागी उभा राहिला की काय होतं, ते त्या दिवशी कळलं. नसीमआपांनी दुसरी गझल सुरू केली, तीही अगदी हळू. आणि सेठनी उत्साहाच्या भरात, समोर आलेलं पहिलं ताट "जाने दो, जाने दो" म्हणत बाहेर सोडलं. ते सिझलर होतं. आपांच्या पहिल्याच ओळीत ते चरचर करत, धुराचा लोट सोडत सगळ्या हॉलमधून दिमाखात निघालं. मी स्टुलावरून उठायला लागलो. आपांनी हाताने मला बसायची खूण केली आणि पेटी न थांबवता माइकवर म्हणाल्या, "आज कॅप्टनसाहब खाना खारें. सब माफ़ है."

हॉलभर हशा फुटला. म्हाताऱ्या दोस्तांनी टेबल बडवलं. ज्याला ऐकू येत नव्हतं त्याने तिघांची तोंडं बघितली आणि सगळ्यांत जास्त तो हसला. आणि मंदा! तिला मी लग्नात, बारशात, जत्रेत हसताना पाहिलं होतं, पण तोंडात घास असताना, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत, मैत्रिणीच्या खांद्यावर कपाळ टेकून हसताना पाहिलं नव्हतं. चाचा म्हणाले होते ते खरं होतं. अशा वेळी लोक फार चांगले दिसतात. भगरीनंतर तिने आम्रपालीताईंच्या ताटातली बिर्याणीसुद्धा उचलून खाल्ली, आणि गोदाकाकूंनी तिकडे मुद्दाम दुर्लक्ष केलं.

निघताना गोदाकाकू नसीमआपांपाशी गेल्या आणि त्यांच्या हातात ज्वारीच्या पापडांचं एक पुडकं ठेवलं. "लय गोड गळा हाय माय तुझा. फक्त तुझा शब्द मला एक बी कळला न्हाई." आपांनी ते पुडकं दोन्ही हातांनी कपाळाला लावलं.

सोमवारी मी रऊफसेठकडे गेलो. म्हणालो, येत्या शनिवारपासून सगळा स्टाफ दार उघडण्याआधी जेवेल, आचाऱ्यापासून दरवानापर्यंत. सेठनी कपाळाला आठ्या घातल्या. "पेट भरे सो लोगां दौड़ते क्या?" मी म्हणालो, "सेठ, उपाशी माणूस गिऱ्हाइकाच्या ताटाकडे बघतो. जेवलेला माणूस गिऱ्हाइकाकडे बघतो." हे वाक्य मी रात्रभर जुळवलं होतं, आणि ते लागू पडलं. शिवाय मोबाइल कपाटात जाण्याआधी ज्याला घरी बोलायचं त्याने बोलून घ्यायचं. मी हैदराबाद सोडलं तेव्हा तो नियम तिथे पक्का झाला होता. माझ्या नोकरीतून मागे काही उरलं असेल तर ते हेच, आणि परभणीत त्या पोराने "कामून?" विचारलं ते याचबद्दल.

त्यानंतरचा पहिला शनिवार. बाहेर अजून ऊन होतं. आम्ही सगळे हॉलमधली टेबलं जोडून पंगतीला बसलो. यादय्याने टोमॅटोचं वरण केलं होतं. मी पोटभर जेवलो, हात धुतले आणि कपाटापाशी उभा राहून वालूरला फोन लावला. मनात वाक्य तयार होतं. आज पहिल्यांदा मी ते खरं म्हणणार होतो.

"मंदा, मी जेवलो. खरंच जेवलो. आता तू जेव."

पलीकडे वाट्यांचा आवाज येत होता, आणि आम्रपालीताई कुणालातरी लोणचं मागत होत्या.

"आमी कवाच्या जेवायलोत," मंदा म्हणाली. तिच्या तोंडात घास होता. "भूक लागली, बसलो. तुमाला इचारायचं ध्यानातच न्हाई ऱ्हायलं बगा."

मी फोन कपाटात ठेवला, किल्ली जाकिटाच्या खिशात टाकली आणि दरवानाला दार उघडायला सांगितलं.